डावीकडची फाट, 500 चे बाण आणि छापील आकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही तीरंदाजीत स्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, उजव्या हाताने खेचता आणि ती सोडायला बोटांऐवजी रिलीज, म्हणजे हातात धरायचं चापाचं साधन, वापरता. कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, वापरलेला घेतलाय; लिम्बच्या (वाकणाऱ्या पात्याच्या) स्टिकरवर 60 पाउंडांचा जोर आणि कॅमच्या (टोकाच्या चाकाच्या) मॉड्यूलवर, म्हणजे खेच किती लांब ते ठरवणाऱ्या भागावर, 29 इंच. सोबत 500 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा कडकपणा) डझनभर कार्बन बाण, न कापलेले, 30 इंची, पुढे 100 ग्रेनचा पॉइंट, म्हणजे टोक (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). दोन मीटरवरून कागदातून बाण मारला की शेपूट डावीकडे जाते आणि जवळपास पाच सेंटिमीटरची आडवी फाट पडते. रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, सरकवून सरकवून ती निम्मी केलीत, पण आता बाण लावला की तो नुसत्या डोळ्यांनाही तिरका दिसतो. 18 मीटरवर ग्रुप ठीक येतो, म्हणजे बाण जवळजवळ लागतात, 50 मीटरवर बाण डावीकडे जातात आणि विखुरतात. एकाने सांगितलं बाण मऊ आहेत, दुसऱ्याने सांगितलं कडक आहेत. आणि तुम्ही विचारताय: 400 चे नवे बाण घेऊन टाकू का?

आज घेऊ नका. पुढे कदाचित घ्यावे लागतीलही, पण तुमच्या प्रश्नातले बोचे दोन्ही आकडे छापील आहेत, मोजलेला त्यात एकही नाही. 60 स्टिकरवरचे, 29 मॉड्यूलवरचे. हे दोन आकडे खरे आहेत असं धरलं तर 500 चा 30 इंची बाण तुमच्या बोला नक्कीच मऊ आहे आणि ज्याने ‘मऊ’ म्हटलं तो बरोबर आहे. पण त्यातला एक जरी खोटा निघाला तर हेच बाण थोडे कापून तुम्हाला अगदी चपखल बसू शकतात. मी बरीच वर्षं शिकवतो आणि इतरांचे बो लावून देतो. ‘काही केल्या ट्यून होत नाही’ म्हणून जे बो माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांत ट्यूनिंग चुकलेलं नसतं. चुकीच्या आकड्यांवर केलेलं असतं.

आधी 500 म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, आडवा ठेवायचा आणि बरोबर मध्ये 1.94 पाउंडाचं, म्हणजे 880 ग्रॅमचं वजन टांगायचं. शाफ्ट 0.500 इंच झुकला तर तो 500 चा, 0.400 इंच झुकला तर 400 चा. आकडा जितका लहान तितका बाण कडक. ही झाली टेबलावरची, शांतपणे घेतलेली मोजणी. बाण बोमधून सुटतो तेव्हा मागून स्ट्रिंग त्याला ढकलते, पुढे पॉइंटचं वजन जागचं हलायला तयार नसतं आणि या दोघांच्या मध्ये शाफ्ट वाकतो. किती वाकेल ते तीन गोष्टींवर ठरतं. बोचा जोर वाढला की तोच बाण मऊ वागतो. बाण लांब असला की मऊ वागतो. पॉइंट जड केला की मऊ वागतो. उलट केलं की कडक. त्यामुळे 500 चा 30 इंची बाण आणि 500 चा 28 इंची बाण हे व्यवहारात दोन वेगळे बाण आहेत, शाफ्टवर छापलेला आकडा एकच असला तरी. यात कॅमचा स्वभावही मिसळतो. जो कॅम सुरुवातीलाच पूर्ण जोर देतो आणि शेवटपर्यंत धरून ठेवतो, तो गोल, सौम्य कॅमपेक्षा बाणाला जास्त वाकवतो. म्हणून बाण निवडायच्या तक्त्यात नुसते पाउंड पाहून चालत नाही, तक्ता कोणत्या प्रकारच्या कॅमसाठी आहे ते खाली वाचावं लागतं.

आता ‘मऊ’ आणि ‘कडक’ हे दोन उलटे सल्ले तुम्हाला का मिळाले, ते सांगतो. फाट डावीकडे की उजवीकडे यावरून बाण मऊ की कडक ठरवण्याची पद्धत बोटांनी स्ट्रिंग सोडणाऱ्यांकडून आली. बोटांवरून स्ट्रिंग निसटताना ती बाजूला सरकते, बाण आडवा वाकतो आणि त्या आडव्या वाकण्यातून त्याचा कडकपणा वाचता येतो. रिलीजने सोडल्यावर स्ट्रिंग बरीचशी सरळ पुढे जाते, बाण मुख्यतः उभ्या पातळीत वाकतो. त्यामुळे कंपाउंडमध्ये डाव्या फाटीची कारणं चार-पाच असू शकतात: हाताने बोला दिलेला पीळ, गालावर किंवा हनुवटीवर दाबली गेलेली स्ट्रिंग, कॅमचा कल, रेस्टला घासणारी वेन (बाणाच्या शेपटीचा पंख), आणि हो, बाणाचा स्पाइनही. नुसती फाटीची दिशा पाहून ‘मऊ’ किंवा ‘कडक’ म्हणणाऱ्या दोघांनीही अंदाजच केलाय.

तेव्हा पहिलं काम मोजणीचं. लटकवायचा डिजिटल काटा घ्या, त्याचा हूक डी-लूपमध्ये, म्हणजे स्ट्रिंगवरच्या छोट्या फासात, अडकवा आणि बो हळूहळू खाली खेचत सर्वांत मोठा आकडा टिपा. काटा तो आकडा धरून ठेवणारा हवा, आणि मदतीला दुसरा माणूस हवाच, कारण या कामात हात सुटला तर बाणाशिवाय स्ट्रिंग सुटते आणि लिम्ब, कॅम, स्ट्रिंग यांपैकी काहीही फुटू शकतं. ज्यांच्याकडे ड्रॉ बोर्ड, म्हणजे बो बसवून खेचायची चौकट, आहे त्यांच्याकडे गेलात तर उत्तम. तिथे हे काम गिअरच्या चरकावर सावकाश होतं. तीनदा मोजा. गेल्या हंगामात असाच एक बो माझ्याकडे आला होता, स्टिकर 60 चं. काट्यावर 52.6, पुन्हा 52.4, पुन्हा 52.6. आधीच्या मालकाने दोन्ही लिम्ब बोल्ट जवळजवळ तीन फेरे सैल केले होते आणि नव्या मालकाला ते ठाऊकच नव्हतं. कधी कॅमना जोडणारी केबल ताणून लांबलेली असते, कधी स्ट्रिंग बदलताना भलत्याच मापाची बसवलेली असते. स्पर्धेला उतरणार असाल तर हा आकडा तसाही लागेल. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत कंपाउंडची कमाल मर्यादा 60 पाउंड आहे आणि ती मोजून पाहतात, स्टिकर वाचून नाही.

दुसरी मोजणी ड्रॉ लेंथची, आणि ती दोन वेगळ्या अर्थांनी. एक, बो प्रत्यक्षात किती इंचांवर थांबतो: नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून ग्रिपच्या (बो धरायच्या मुठीच्या) सर्वांत खोल बिंदूपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. एका लांब बाणावर दर अर्ध्या इंचाला खुणा करून पूर्ण खेचा आणि दुसऱ्याला ग्रिपपाशी खूण वाचायला सांगा. हा माणूस बाजूला उभा राहील, समोर नाही, आणि बोसमोर लक्ष्य असेल. दोन, तुमच्या शरीराला किती इंच हवेत. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपासून टोकांपर्यंतचं माप घ्या आणि अडीचने भागा. हा नुसता सुरुवातीचा अंदाज असतो. खरी परीक्षा पूर्ण खेचून उभं राहिल्यावर. ड्रॉ लेंथ जास्त असली की माणूस कमरेतून मागे झुकतो, डोकं मागे जातं, पुढचा खांदा वर चढतो आणि स्ट्रिंग गालात रुतते. तुमच्या 29 बद्दल मला मुख्य शंका हीच आहे. वापरलेला बो आधीच्या माणसाच्या मापाचा असतो आणि नवा मालक नकळत त्याच्या मापात स्वतःला ताणतो. गालात रुतलेली स्ट्रिंग सुटताना बाजूला ढकलली जाते, आणि कागदावर त्याची फाट अगदी चुकीच्या स्पाइनसारखी दिसते. तुमचं खरं माप 28 निघालं तर आधी मॉड्यूल बदला. त्याआधी केलेलं कोणतंही ट्यूनिंग वाया जाईल.

आता कागदाकडे. चांगलं भोक कसं दिसतं ते एकदा जवळून पाहून ठेवा: मध्ये पॉइंटचं गोल छिद्र आणि त्याच्याभोवती तीन वेनच्या तीन बारीक चिरा, तिन्ही त्याच छिद्रातून निघालेल्या. तुमच्या कागदावर गोल छिद्र उजवीकडे असेल, तिथून डावीकडे सरळ फाटत गेलेली रेघ असेल आणि तिच्या टोकाला वेनच्या चिरा. रेस्टला हात न लावता असे पाच बाण मारा, प्रत्येक भोकाशेजारी पेनाने क्रमांक लिहा. या पाच फाटींची तुलना मला पहिल्या फाटीच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. पाचही फाटी एकाच दिशेला आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर दोष बोमध्ये, बाणात किंवा तुमच्या एखाद्या पक्क्या सवयीत आहे आणि तो शोधता येईल. एक पाच सेंटिमीटर, एक दोन, एक जवळजवळ स्वच्छ, एक वरून तिरकी, असं असेल तर बोला हात लावू नका. दोष तुमच्या हातात आहे.

हाताची परीक्षा अशी घ्या. बोचा हात ग्रिपवर ठेवा आणि दाब कुठे येतो ते पाहा. तो अंगठ्याखालच्या मांसल भागावर, आयुष्यरेषेच्या अलीकडेच राहिला पाहिजे. बोटांचे सांधे सुमारे 45 अंशांत तिरके आणि बोटं सैल. तळहात रेषेच्या पलीकडे गेला, किंवा सुटताना बोटांनी ग्रिप आवळली, की बो मनगटातून फिरतो. मी शिकणाऱ्याला याच्या आधी आणि नंतर कागदातून मारायला लावतो. साडेतीन सेंटिमीटरची डावी फाट, बोला पानाही न लावता, नुसती ग्रिप बदलून एका सेंटिमीटरच्या आत आलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्या माणसाने त्या फाटीसाठी नवे बाण घेतले असते तर नव्या बाणांनीही तीच फाट पाडली असती. तुमच्या इतकीच ड्रॉ लेंथ असलेला एखादा अनुभवी तीरंदाज ओळखीचा असेल तर त्याला तुमचे बाण तुमच्याच बोमधून मारू द्या. त्याची फाट तुमच्यासारखीच आली तर बो आणि बाण तपासायचे, वेगळी आली तर स्वतःला.

हे झाल्यावर बो मूळपदावर आणा. हे वाचून वाईट वाटेल, पण रेस्टची तुमची सगळी मेहनत पुसून टाकायची आहे. बाण लावल्यावर रायझरच्या, म्हणजे बोच्या मधल्या दांड्याच्या, भिंतीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर निर्मात्याने दिलेलं असतं. बऱ्याच बोंमध्ये ते 13/16 इंच, म्हणजे साडेवीस मिलिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या बोचं जे असेल ते वापरा. उंचीला, रेस्ट ज्या छिद्रात बसतो त्या छिद्राच्या मध्यातून शाफ्ट गेला पाहिजे आणि स्ट्रिंगशी काटकोन झाला पाहिजे, किंवा नॉक एक-दीड मिलिमीटर वर. माझा अनुभव असा की शेवटी रेस्ट मूळ जागेपासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवावा लागत असेल तर ते ट्यूनिंग नव्हे. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जातेय. तुमचा बाण डोळ्यांना तिरका दिसतोय म्हणजे तुम्ही त्या मर्यादेच्या पुढे गेला आहात, आणि 50 मीटरवर डावीकडे जाण्याचं निदान एक कारण तरी तिथेच आहे.

कॅम एकाच वेळी थांबतात का हेही आत्ताच पाहायचं. पूर्ण खेचल्यावर वरचा आणि खालचा स्टॉप एकाच क्षणी केबलला किंवा लिम्बला टेकले पाहिजेत. स्वतः खेचून हे दिसत नाही, दुसऱ्याने पाहावं लागतं किंवा ड्रॉ बोर्ड लागतो. एक आधी टेकत असेल तर नॉक सरळ रेषेत पुढे जात नाही आणि उभी फाट रेस्ट कितीही वरखाली केला तरी जात नाही. दुरुस्ती केबलला अर्धा किंवा एक पीळ देऊन होते, पण त्यासाठी बो प्रेसमध्ये, म्हणजे लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्रात, घालावा लागतो. प्रेसशिवाय केबल काढण्याचा प्रयत्न करू नका, हात जातो. आणि वापरलेल्या बोची स्ट्रिंग व केबल दोन-तीन वर्षं जुन्या असतील, धागे तुटून केसाळ दिसत असतील किंवा सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) सरकलं असेल, तर ट्यूनिंगआधी त्या बदला. बाणांपेक्षा तो खर्च आधी करण्यासारखा आहे.

घासणं तपासायला मिनिटभर लागतं. वेनच्या कडांना लिपस्टिक लावा किंवा रेस्टवर पायाची पावडर फवारा, एक बाण मारा आणि रेस्टवर, केबलवर, रायझरवर डाग शोधा. खाली पडणारा रेस्ट असेल तर तो उशिरा पडतोय का ते यातच कळतं. घासणारी वेन प्रत्येक बाणाला वेगवेगळी लाथ मारते. हे जोवर चालू आहे तोवर कागद तुम्हाला बाणाबद्दल काहीच खरं सांगत नाही. नॉकची पकडही पाहा: नॉक स्ट्रिंगवर बसताना हलका टक आवाज यावा, बाण स्ट्रिंगला लटकून राहावा आणि स्ट्रिंगवर टिचकी मारली की सुटावा.

इथवर येईपर्यंत बरेचदा फाट निम्म्यावर आलेली असते. जी उरली ती बाणाची आहे का, हे विचारायची पद्धत माझ्याकडे ठरलेली आहे: जे बदल परत फिरवता येतात ते आधी, बाण कापणं सगळ्यांत शेवटी. पहिला प्रयोग लिम्ब बोल्टचा. दोन्ही बोल्टांचे लॉक स्क्रू सैल करून दोन्ही अगदी सारखे, दोन-दोन फेरे सैल करा. एका फेऱ्याला साधारण दोन ते तीन पाउंड उतरतात, पण किती फेऱ्यांपर्यंत जायचं याची निर्मात्याने घालून दिलेली मर्यादा आधी पाहा, ती ओलांडली तर लिम्ब उखडतो. बोल्ट आधीच सैल असतील तर उलटा प्रयोग करा, एकेक फेरा आवळा. रेस्ट मध्यावरच ठेवायचा. आता पुन्हा पाच बाण. जोर उतरल्यावर फाट स्पष्ट लहान झाली तर बाण मऊ असल्याचा हा चांगला पुरावा. मोठी झाली तर कडक. काहीच फरक पडला नाही तर स्पाइन हा मुख्य दोषी नाही आणि 400 चे बाण घेऊनही काही बदलणार नाही.

दुसरा प्रयोग पॉइंटचा, आणि तो पहिल्याशी जुळला पाहिजे. 100 ग्रेन काढून 80 किंवा 85 चा लावा, बाण कडक वागेल. 125 चा लावा, मऊ वागेल. दोन प्रयोग एकच गोष्ट सांगत असतील तर मी विश्वास ठेवतो. मात्र एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. ‘बोल्ट दोन फेरे सैल, 47.8 पाउंड, 100 ग्रेन, पाच बाण, डावी 2.5 सेंमी’ अशी एक ओळ. तासाभरात तीन गोष्टी हलवून मग कशाने फरक पडला हे आठवत बसणारे लोक मी फार पाहिलेत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. फाट कमी होताना दिसली की हात थांबत नाही.

हलका पॉइंट लावताना बाणाच्या एकूण वजनावर लक्ष ठेवा. बोच्या प्रत्येक पाउंडामागे निदान 5 ग्रेन वजन बाणात हवंच, आणि निर्माता जास्त सांगत असेल तर तेवढं. याच्या खाली गेलात की बोला तो जवळजवळ रिकामा सोडल्यासारखा वाटतो. हिशेब सोपा आहे. शाफ्ट इंचाला 7.5 ग्रेन असेल तर 28 इंचांचे 210, पॉइंट 100, इन्सर्ट (पॉइंट बसवायचा आतला तुकडा) 15, नॉक 8, तीन वेनचे 18. एकूण 351. बो 52 पाउंडाचा असेल तर पाउंडामागे पावणेसात ग्रेन, म्हणजे सुरक्षित, आणि 50 मीटरला पुरेसा वेगवानही. तोलाचा बिंदूही मोजून ठेवा. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत 28 इंचांचा बाण बोटावर 17.4 इंचांवर तोलला तर मध्यापासून तो 3.4 इंच पुढे आहे, म्हणजे 12 टक्के. लक्ष्यावरच्या बाणांना 10 ते 15 टक्के चांगले. हलका पॉइंट लावून हे 8 टक्क्यांवर येत असेल तर फाट गेली तरी लांब अंतरावर बाण अस्थिर होईल, म्हणून स्पाइनची दुरुस्ती पॉइंटने करण्याला मर्यादा आहे.

कागद इथेच सोडून द्यावा असं माझं मत आहे. तो खडबडीत चूक दाखवतो, बारीक नाही. पुढचं काम वेन नसलेल्या बाणाचं. एका बाणाच्या वेन खरवडून काढा आणि त्याच जागी वेनच्या वजनाइतकी टेप गुंडाळा, म्हणजे तोल बदलत नाही. पाच मीटरपासून सुरुवात करा. फार तिरका उडणारा उघडा बाण लक्ष्यात आडवा घुसून मोडतो, म्हणून एकदम लांब जाऊ नका. तो सरळ घुसतोय असं दिसलं की 10 आणि मग 18 मीटर. वेनवाले तीन बाण आणि एक उघडा, म्हणजे वेन नसलेला, अशा चार-पाच फेऱ्या. उघडा बाण ग्रुपच्या डावीकडे लागत असेल तर रेस्ट उजवीकडे, वर लागत असेल तर रेस्ट खाली. म्हणजे उघडा बाण जिकडे यायला हवा तिकडे रेस्ट. एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. फरक उलटा झाला तर मागे फिरा आणि पुन्हा घासणं व ग्रिप तपासा. 18 मीटरवर उघडा बाण वेनवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरला की बो आणि बाण जुळले. मग कागदावर सेंटिमीटरभर फाट राहिली तरी मी तिच्याकडे पाहत नाही.

सगळ्या बाणांना क्रमांक घाला. डझनात एक-दोन बाण असे निघतात की ते प्रत्येक फेरीत त्याच बाजूला जातात. असा बाण सापडला की त्याचा नॉक थोडा फिरवून पुन्हा मारा. कार्बनच्या नळीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक असते आणि ती बाजू इतर बाणांसारखी वळवली की बरेचदा बाण रांगेत येतो. नाही आला तर सरावाला ठेवा, स्पर्धेत नको.

50 मीटरच्या प्रश्नाचं थोडं वेगळं आहे, कारण डावीकडे जाणं आणि विखुरणं हे दोन निराळे आजार असू शकतात. कंपाउंडचं 50 मीटरचं लक्ष्य 80 सेंटिमीटरचं आणि त्यात दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. 18 मीटरवर जो दोष लपतो तो इथे लपत नाही. डावीकडे सरकण्यासाठी एक उभी दोरी टांगा आणि 20 मीटरला लावलेली साईट (नेम धरायचं साधन) तशीच ठेवून 10, 20, 30, 40 मीटरवरून दोरीवर नेम धरा. लक्ष्य उंच घ्या, लांबून बाण खाली खाली लागत जातील. ते दोरीलाच समांतर राहिले तर रेस्ट ठीक. अंतर वाढेल तसे डावीकडे तिरके होत गेले तर रेस्ट किंचित उजवीकडे. पण त्याआधी साईटचा बुडबुडा (बो सरळ धरलाय का ते दाखवणारी पातळी) बोशी खरोखर काटकोनात आहे का ते ओळंब्याने तपासा. बुडबुडाच चुकीचा असेल तर तुम्ही प्रामाणिकपणे बो तिरका धरता आणि जितकं लांब तितकं एका बाजूला जाता, बाण कितीही उत्तम असले तरी. विखुरण्याचं कारण मात्र तुमच्या वर्णनावरून मला तिरका रेस्ट आणि 30 इंची मऊ बाण यांची जोडी वाटते. वाऱ्यात ती आणखी वाईट दिसते.

आता बाणांचा निर्णय. काट्यावर 58 ते 60 आले आणि 29 इंच खरोखर तुमच्या शरीराचे निघाले, तर हे 500 बाजूला ठेवा, कमी पाउंडाच्या एखाद्या शिकणाऱ्याला उपयोगी पडतील. तेव्हा 400 च्या आसपासचा बाण लागेल, कॅम आक्रमक असेल तर तक्ता त्याहून एक पायरी कडकही सांगू शकतो. तुमच्या कॅमच्या रकान्यात पाहून मगच ठरवा. घेताना 50 मीटर हेच मुख्य अंतर असेल तर बारीक शाफ्ट घ्या, वारा कमी लागतो. बंदिस्त हॉलमध्ये, 18 मीटरलाच मारणार असाल तर जाड शाफ्टला रेषेचा फायदा मिळतो, म्हणजे तो वरच्या गुणाच्या रेषेला सहज टेकतो, फक्त स्पर्धेतली 9.3 मिलिमीटर जाडीची मर्यादा लक्षात ठेवा. दोन दगडांवर पाय ठेवणारा एकच बाण शोधत असाल तर मधल्या जाडीचा घ्या आणि समाधान माना.

काट्यावर 50 ते 53 आले आणि ड्रॉ लेंथ 28 ठरली, तर तुमच्या हातात आहेत तेच बाण बहुतेक योग्य आहेत, फक्त लांब आहेत. मात्र सगळे एकदम कापू नका. किती लांबी ठेवायची ते बो पूर्ण खेचून ठरवा. शाफ्टचं टोक रेस्टच्या पुढे निदान एक इंच राहिलंच पाहिजे, कमी झालं तर बाण रेस्टवरून घसरून हातात घुसू शकतो. मग फक्त दोन बाण घ्या, एक वेनवाला आणि एक उघडा. पॉइंट काढताना उष्णता पॉइंटला द्या, कार्बनला नाही. वेगाने फिरणाऱ्या घर्षणचाकाने अर्धा इंच कापा, करवतीने कापलं तर तंतू उसवतात. मास्क लावा, ती काळी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. टोक घासून काटकोनात आणा, पॉइंट बसवा, बाण बोटांवर फिरवून टोक थरथरत नाही ना ते पाहा. मारा, वहीत लिहा. फाट आणि उघड्या बाणाचं अंतर कमी होत असेल तर आणखी पाव इंच, पुन्हा मारा, पुन्हा पाव इंच. ज्या लांबीला उघडा बाण ग्रुपमध्ये येऊन बसेल ती लांबी पकडा आणि मगच उरलेल्या दहांना चाक लावा.